हत्तीच्या प्लेटसाठी घेतलेलं मशीन

जंगलात नदी जिथे वळण घेते, तिथे एक गवा आणि एक मुंगूस मिळून कारखाना चालवत असत. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि आत दोन-तीन जुनी मशीनं. स्वतःचा माल ते बनवत नसत. दुसऱ्यांनी आणलेले लोखंडाचे, बिडाचे भाग कापून, भोकं आणि आटे पाडून द्यायचे, एवढाच धंदा. याला जॉबवर्क म्हणतात. मुंगसाचा बाप गव्याचा भागीदार होता. बाप गेल्यावर अर्धा वाटा मुंगसाकडे आला, पण बोलण्यातला वाटा काही आला नाही. तो अख्खाच्या अख्खा गव्याकडे राहिला. मुंगूस त्याला काका म्हणत असे.

कारखान्याची चूल पेटत होती ती एका पाणमांजरामुळे. ते पाण्याचे पंप बनवायचं आणि पंपांची बिडाची झाकणं कामाला इथे पाठवायचं. झाकण ओंजळीत मावेल एवढंच, पण त्यावर लहान-मोठी बरीच भोकं, काहींना आटे, म्हणून एकेका झाकणासाठी मशीनवरचं टूल पुन्हा पुन्हा बदलावं लागे. जुनं मशीन आता थकलं होतं. भोकं जागा सोडायला लागली होती. पाणमांजराने दोनदा गोडीत सांगितलं आणि तिसऱ्यांदा सरळ सांगितलं, की नवीन मशीन घ्या, नाहीतर मला दुसरं दार बघावं लागेल.

तेव्हा दोघांनी ठरवलं, व्हीएमसी घ्यायचं. म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, वरून खाली कापणारं आणि आपली टूलं आपणच बदलणारं मशीन. दोघांचं होतं नव्हतं ते त्यात जाणार होतं. चुकलं तर दुसरं घेण्याची ताकद उरणार नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

मशीनं विकायचा एक कोल्हा. टेकडीखाली त्याची मोठी शेड होती. दोघं तिथे गेले तेव्हा मुंगसाने एक पोतं बरोबर घेतलं. पोत्यात पाणमांजराचं झाकण, ते पकडायचा कारखान्यातला व्हाइस आणि कामातलं सगळ्यात लांब ड्रिल. कोल्ह्याने रंगीत कागद पुढे केला, तर मुंगसाने तो घडी करून बाजूला ठेवला. कागदावरचे आकडे कोल्ह्याने छापलेले असतात. झाकण आपलं असतं.

शेडमध्ये एक मध्यम मशीन होतं. मुंगसाने त्याच्या टेबलावर आपला व्हाइस बसवला, झाकण पकडलं, लांब ड्रिल चढवलं आणि मध्ये पंजा घालून पाहिला. जागा उरत होती. शेजारी दुसरा व्हाइस मावत होता. दारातून वाकलं की टेबलाच्या मध्यापर्यंत हात पोचत होता. मग त्याने हट्टाने झाकण कापून दाखवायला लावलं. कोल्हा आधी कुरकुरला, पण लावलं. मशीनने टूलं अशी झटाझट बदलली, की कोल्ह्याचा चहावाला उंदीरसुद्धा किटली धरून बघत राहिला. झाकण निघालं. भोकं जागच्या जागी. मुंगसाने त्याची धार आपल्या कानशीने मोडली आणि ते गव्याच्या पुढ्यात ठेवलं.

गवा एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर कळपातली चार म्हातारी मंडळी आली होती. त्यांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, पण मोठी खरेदी असली की मोठ्यांनी बरोबर जायचं अशी रीत होती, आणि चहा होता. गव्याने झाकण उलटंपालटं केलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हत्तीची प्लेट बसेल का याच्यावर?"

आता ही प्लेट काय ते सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी एक हत्ती आपल्या उसाच्या चरकाची पायाची प्लेट घेऊन कारखान्यात आला होता. प्लेट मशीनच्या टेबलावर मावली नाही. गव्याला ती चारचौघांत परत करावी लागली. हत्ती बरं म्हणाला आणि प्लेट उचलून गेला. एवढंच झालं होतं. पण गव्याने ती गोष्ट पोटात ठेवून वाढवली होती. म्हाताऱ्यांना कालचा निरोप आठवत नाही, पण तीस वर्षांपूर्वी कोण कसं बघून हसलं ते आठवतं.

"नाही बसणार, काका," मुंगूस म्हणालं.

कोल्ह्याला धंदा कळत होता. त्याने शेडच्या टोकाचं मोठं मशीन उघडलं. त्याच्या टेबलावर गवा स्वतः उभा राहिला असता. गव्याने पाठीवरून मान फिरवून कळपाकडे बघितलं. कोल्हा हळूच म्हणाला, "ते मधलं काय हो, पलीकडच्या काठावरच्या साळूबिळूंनी घ्यावं. तुमच्या दारात हे शोभेल, दादासाहेब."

मुंगसाला सगळं दिसत होतं. एवढं जड टेबल ओंजळीतल्या झाकणासाठी सावकाश हलणार. टूल बदलायला हे मशीन वेळ घेणार. टेबलाच्या मध्यापर्यंत आपला हात पोचणार नाही. आणि हत्ती त्या दिवसानंतर पुन्हा आलेलाच नाही. सगळं जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात गवा वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, तुझं काय म्हणणं?"

मुलांनो, हा प्रश्न नीट ओळखायला शिका. हा प्रश्न नसतो. मशीन केव्हाच ठरलेलं असतं, फक्त तुलाही विचारलं होतं असं नंतर सांगता यावं म्हणून विचारलेलं असतं. चार म्हातारी तोंडं कपातून वर झाली होती. मुंगूस म्हणालं, "तुम्ही म्हणाल तसं, काका."

सगळ्यांनी मान डोलावली. पोर संस्कारी आहे, असं कुणीतरी म्हणालं. पोत्यात व्हाइस आणि ड्रिल परत गेलं. झाकण कोल्ह्याच्या टेबलावर तसंच राहिलं.

मोठं मशीन आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. शेडचा पत्रा उचकटून आत घ्यावं लागलं. पूजेला अख्खा नदीकाठ जमला. झेंडूची माळ मशीनभोवती पुरली नाही, मध्ये सुतळी जोडावी लागली. गवा दिवसभर दारात उभा होता.

मग काम सुरू झालं. झाकण एवढंसं आणि टेबल मैदानाएवढं. प्रत्येक झाकण बसवायला आणि काढायला मुंगसाला तेलकट टेबलावर चढावं लागे, घसरावं लागे, पुन्हा खाली उतरून दार लावावं लागे. टूल बदलताना मशीन आधी थांबायचं, मग उचलायचं, मग पुन्हा विचार केल्यासारखं थांबायचं. जुन्या मशीनवर दिवसाकाठी जेवढी झाकणं निघत, तेवढीही निघेनात. भोकं मात्र अचूक यायची. अचूक आणि उशिरा. मुंगसाने एकदा हे बोलून पाहिलं. गवा म्हणाला की हात बसला की होईल, आमच्या वेळी काय मशीनं होती का. ज्या चर्चेत हे वाक्य येतं, ती चर्चा तिथेच संपते.

पाणमांजर आलं. मशीनभोवती एक फेरी मारली, वर बघितलं, खाली बघितलं.

"मशीन मोठं आहे," ते म्हणालं. "पण माझे पंप झाकणावाचून उघडे पडलेत, गवेराव."

तो आठवडा गेला आणि पाणमांजराने राहिलेली कच्ची झाकणं पाट्यांत भरून परत नेली. भांडण नाही, आवाज नाही. नमस्कार करून गेलं.

आता गव्याला एकच आधार होता. एके दिवशी हत्ती नदीवर चालला होता, तर गवा स्वतः रस्त्यावर गेला, त्याला बोलावून आणलं, मशीन दाखवलं. ती प्लेट आता आणा म्हणाला. कितीही मोठी असू दे.

हत्ती बराच वेळ आठवत राहिला.

"कुठली प्लेट?" त्याने विचारलं.

गव्याने सांगितली. कोणता चरक, कोणता दिवस, कोण कोण उभं होतं, सगळं. हत्तीला शेवटी आठवलं. तो म्हणाला की अरे हो, पण ती तेव्हाच दोन तुकड्यांत करून बोल्टने जोडली की, चरक मस्त चाललाय. मग मशीन छान आहे असं म्हणून, कौतुकाने टेबलावर सोंड टेकवून, तो पाणी प्यायला निघून गेला.

काम नाही म्हटल्यावर मुंगूस पोतं घेऊन पलीकडच्या काठावर साळूकडे गेलं. या काटेवालीचाही जॉबवर्कचाच धंदा होता आणि तिच्याकडे हल्ली फार काम आहे असं कानावर आलं होतं. थोडं आम्हाला द्या, असं म्हणायचं होतं. साळूच्या शेडमध्ये पाणमांजराच्या पाट्या रचलेल्या होत्या आणि मधोमध ते मध्यम मशीन झटाझट टूलं बदलत होतं. मशीनच्या वरच्या फळीवर हळद-कुंकू लावलेलं एक झाकण ठेवलं होतं.

"ते होय?" साळू म्हणाली. "कोल्ह्याने दाखवायला आणलं होतं. म्हणाला, ताई, याच मशीनवर निघालंय, डोळे झाकून घ्या. मी म्हटलं, शकुनाचं आहे, राहू दे वर. का रे, तुमचं का ते?"

मुंगसाने झाकण हातात घेतलं. कडेला त्याच्याच कानशीची खूण होती. त्याने ते परत फळीवर ठेवलं आणि साळूने दिली तेवढी, एक पाटी घेऊन घरी आलं.

गव्याने विचारलं, काय म्हणाली साळू. आणि मुंगसाने त्या दिवशी कोल्ह्याच्या शेडमध्ये जे बोलायचं होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. आवाज चढवला नाही. टेबल, टूल, हात न पोचणं, हत्ती. मोठ्या मशीनच्या टेबलावर जेवणाचे डबे ठेवले होते, त्यातला एक गव्याने सरळ केला.

"हे तू तेव्हा बोलायला हवं होतंस," तो शेवटी म्हणाला.

हे खरं होतं. आणि तेव्हा बोललं असतं तर गव्याने ऐकलं नसतं, हेही खरं होतं. मुंगसाने डबे उचलले, टेबल पुसलं आणि साळूच्या पाटीतलं पहिलं झाकण घेऊन वर चढलं.

तात्पर्य : मशीन घ्यावं ते रोज दारात येणाऱ्या कामासाठी, एकदा येऊन गेलेल्या कामाचा सल काढायला नाही, आणि वडीलधारा चुकतोय हे दिसत असताना गप्प बसलात, तर त्याला आदर म्हणू नका, कारण त्या चुकीत तुमचाही अर्धा वाटा असतो.