नावाडिणीचा पूल

एका रागीट नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक विद्यापीठ. विद्यापीठात शिकणारी मुलं एका म्हाताऱ्या नावाडिणीच्या नावेतून ये-जा करायची. ती त्यांना दटावून नीट बसवायची आणि त्यांच्या शिदोरीतला लाडू हक्काने मागून खायची.

पूर आला की मात्र नाव बांधून ठेवावी लागे. वैद्य आणि सुईण दोघंही पलीकडे राहायची. पुरात अडकून किती माणसं उपचारावाचून गेली, हे नावाडीण कधी विसरली नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. कष्टाने घेतलेला एक मळा तेवढा होता. अंथरूण धरल्यावर तिने गावच्या पाटलांना आणि पंचांना बोलावलं.

"माझ्यामागे हा मळा विद्यापीठातल्या पोरांना द्या. या नदीवर टिकेल असा पूल कसा बांधायचा, ते त्यांनी शोधून काढावं."

पाटील हसले. "अगं आजी, त्यापेक्षा घाट बांधू. त्यावर तुझं नाव कोरू."

"घाट पाण्यापर्यंतच नेतो, पाटील. माणसाला पलीकडे जायचं असतं."

"आणि पोरांचा पूल पडला तर?"

"तर का पडला, ते शिकतील. तेव्हा हात आखडू नका. शब्द द्या मला."

मरणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? पाटलांनी शब्द दिला.

नावाडीण गेली. मळ्याच्या उत्पन्नावर विद्यार्थी जेवले, शिकले, नदी मोजत फिरले. त्यांनी पूल बांधला आणि पहिल्याच पुरात तो वाहून गेला.

गाव खवळलं. "पैसा पाण्यात गेला. मळा काढून घ्या," म्हणत लोक पाटलांच्या दारात जमले. खरं सांगायचं तर पाटलांनाही तेच वाटत होतं.

तेवढ्यात चिखलाने माखलेली एक विद्यार्थिनी आली. "पाटीलबाबा, खांब पाण्याने पडले नाहीत. वाहत आलेली झाडं कमानींत अडकली, त्यांनी पूल ढकलला. कमानी रुंद हव्यात. पूल पडला नसता तर आम्हाला हे कळलं नसतं."

पाटलांना नावाडीण आठवली. "मी शब्द दिलाय. मळा तुमचाच आहे. पुन्हा बांधा."

गावाने नाकं मुरडली. पाटलांच्या सख्ख्या भावाने बोलणं टाकलं. विद्यार्थी मात्र कामाला लागले आणि रुंद कमानींचा दुसरा पूल उभा राहिला.

मग कुणी पाहिला नव्हता असा पूर आला. नेमकी त्याच दिवशी पाटलांची सून अडली. पाटील तसेच अनवाणी पुलाकडे धावले. खालून मोठमोठे बुंधे कमानींतून सरळ निघून जात होते. पूल जागचा हलला नाही. पाटील पलीकडे गेले, सुईणीला घेऊन आले आणि दिवेलागणीला घरात बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. आई सुखरूप होती.

गावाने ढोल काढले. नाकं मुरडणारेच पुलावर सर्वांत पुढे नाचत होते, आणि पाटलांचा भाऊ पेढे वाटत होता.

बारशाच्या दिवशी पाटलांनी पंचांना बोलावलं. "माझ्यामागे माझी आमराई विद्यापीठाला द्यायची."

"पूल तर झाला," पंच म्हणाले. "आता कशासाठी?"

"ते मला काय कळतंय? पोरं शोधतील."

तात्पर्य: जाताना शिकणाऱ्यांच्या हाती काही देऊन जावं. आपल्याला न सुटलेलं ते सोडवतात, आणि आपल्याला न सुचलेलंही.