कड्यावरचा दोर

पूर्वी कांचनपुरात सुबाहू राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व तिथून दूर एका कड्याखालच्या वस्तीत जन्माला आला. त्याचं नाव रोहण. तिथली माणसं कड्यावरच्या आग्या मोहोळांचा मध काढून पोट भरत.

वस्तीचा एक नियम होता. कड्यात उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानंच धरायचा. सख्खा भाऊ वाटणीसाठी हात ढिला करील, पण आपल्याच बहिणीला विधवा कोण करील? दोर झाडाला का नाही बांधायचा, असं कोणी विचारील. झाडाला खालचा माणूस कळत नाही, म्हणून.

रोहणला प्रपंच कधी रुचलाच नाही. नदीकाठी उतरलेला एक तपस्वी त्याला म्हणाला, "उद्या सूर्य माथ्यावर आला की शंख फुंकीन आणि नदी उतरून जाईन. यायचं तर ये. मी थांबणार नाही, परत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बहिणीचा नवरा भद्रक दोर घेऊन दारात उभा. त्याच्या घरात दाणा नव्हता. बहीण शाल्मली बरोबर आली होती. ती म्हणाली, "दादा, तुझं मन नदीवर गेलंय. असल्या हातात मी नवरा कसा देऊ?"

"एक मोहोळ होईस्तोवर मन इथंच आहे," रोहण म्हणाला.

खोटं बोलला. बोधिसत्त्व असला म्हणून काय, माणूसच होता.

भद्रक उतरता उतरता ओरडला, "मेहुणे, वर बसल्या बसल्या मोक्षाला जाऊ नका हां! मी खाली लटकतोय!"

आणि वारा फिरला. माश्या हुसकायला भद्रकनं धरलेल्या मशालीचा धूर भलतीकडे गेला. खालून घों घों आवाज वर आला आणि माश्यांनी रोहणचं तोंड झाकून टाकलं. त्याच वेळी नदीकडून शंख ऐकू आला.

बाजूलाच झाड होतं. दोन वेढे दिले की मोकळा. जीवही वाचेल, मोक्षही मिळेल. हात झाडाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात दोराचे हिसके थांबले. नुसतं वजन उरलं. भद्रक बेशुद्ध पडला, हे फक्त त्या हातांना कळलं.

त्यानं ओढायला सुरुवात केली.

शाल्मली ओली घोंगडी घेऊन धावत आली. "दादा, धरलायस ना? खरं सांग!"

"बोलू नकोस. ओढ!"

दोघांनी ओढून भद्रकला वर घेतलं. जिवंत होता. शाल्मली रडत म्हणाली, "जा दादा, अजून गाठशील." रोहणचे डोळे सुजून मिटले होते. ते उघडायला चार दिवस लागले. तपस्वी केव्हाच गेला होता.

ओढताना कड्यावर आपटून भद्रकचा पाय कायमचा गेला. मग रोहण स्वतः कड्यात उतरू लागला आणि दोर शाल्मलीनं धरला. नियम मोडला म्हणून लोक बोलले. बोलू दे. वस्तीतल्या बायकाही दोर धरायला शिकल्या. बारा वर्षांनी कोणाचं पोट की कोणाचा जीव त्याच्या एकट्याच्या मुठीत राहिला नाही, तेव्हा रोहण एकटाच नदी उतरून गेला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "भद्रक म्हणजे विहाराच्या दाराशी बसलेला हा लंगडा भिक्खू. शाल्मली म्हणजे आज भिक्षा वाढून गेली ती म्हातारी उपासिका. तो तपस्वी माझ्या उजव्या हाताला बसलाय. हल्ली तो मागे राहिलेल्यासाठी थांबतो. आणि रोहण मी होतो. भीतीनं हात झाडाकडे गेला तरी मूठ न सोडणं, ही क्षांती पारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."