मुंडाशांच्या पट्ट्या

फार पूर्वी नदीकाठच्या राजाचं आणि डोंगरातल्या राजाचं हाडवैर होतं, तेव्हाची ही गोष्ट. दोन्हीकडची माणसं दिसायला सारखी, बोलायलाही सारखी. त्यामुळे लढाईत आपला कोण, परका कोण, हे मुंडाशावरूनच कळायचं. नदीकाठच्यांचं पांढरं, डोंगरातल्यांचं तांबडं.

नदीकाठच्या मुलखात, अगदी सीमेवरच्या गावात एक म्हातारी सुईण राहायची. तिचा धाकटा भाऊ तांबड्या मुंडाशांनीच मारला होता.

एकदा गावाबाहेरच्या माळावर लढाई झाली. दुपारी दोन्ही सैन्यं पांगली, मागे जखमी तेवढे राहिले. सुईण घागर घेऊन निघाली. पहिलाच भेटला तो तांबड्या मुंडाशाचा. ती तशीच माघारी वळली.

"पाणी," तो म्हणाला.

"तुझ्या लोकांनी माझा भाऊ मारलाय," ती म्हणाली.

त्यानं कोरडे ओठ चाटले आणि मान टाकली. बाळंतिणींच्या उशाशी जन्म काढलेली बाई ती, तिला काही ते बघवेना. शिव्या देत देतच तिनं त्याला पाणी पाजलं.

मग गावातल्या बायका आल्या. जखमा बांधायला एवढं कापड आणायचं कुठून? सुईणीनं सगळ्या जखमींची मुंडाशी सोडायला लावली आणि फाडून पट्ट्या केल्या. हाताला येईल ती पट्टी, समोर येईल ती जखम. दिवस कलेपर्यंत कोण कुठला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात नदीकाठचा सरदार स्वार घेऊन आला. "म्हातारे, आमची माणसं वेगळी काढ. बाकीच्यांना संपवायचंय."

"मला नाही ओळखू येत," सुईण म्हणाली.

सरदारानं पाहिलं, तर एकेका अंगावर दोन्ही रंग. इतक्यात त्याला जखमींत स्वतःचा निशाणवाला दिसला. "चल, तुला घरी नेतो. फक्त तांबडे कोण, तेवढं बोटानं दाखव."

निशाणवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. "सरकार, मला सगळे जखमीच दिसतात."

सरदारानं दुसऱ्या ओळखीच्या शिपायाला विचारलं. त्यानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्याच्या मांडीवर कुणा अनोळखी पोराचं डोकं होतं. तो म्हणाला, "हळू बोला सरकार. याला आत्ता कुठं झोप लागलीय."

मग एक स्वार घोड्यावरून उतरला, आपलं कोरं पांढरं मुंडासं सोडून त्यानं सुईणीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मावशी, हेही फाडा."

सरदारानं तलवार म्यान केली.

तात्पर्य: हातातलं शस्त्र गळालं की वैरी संपतो आणि माणूस उरतो, त्याला जो जपतो, त्याच्यापुढे तलवारीलाही खाली व्हावं लागतं.