सरकारांच्या डोक्यावरची गार

ऐन पौषात कोसरगडच्या राजवाड्यात पंखा हलवावा लागला, आणि भांडणाला तोंड फुटलं!

हा उकाडा केला कोणी? अर्धं गाव म्हणे, माणसाने! नव्या तटासाठी महाराजांनी चुन्याच्या तीनशे भट्ट्या पेटवल्या आहेत, तीन वर्षं त्या विझलेल्या नाहीत, रान तोडून तोडून डोंगराला टक्कल पडलंय, मग तापणार नाही तर काय? उरलेलं अर्धं गाव म्हणे, छे! सूर्य केवढा, माणूस केवढा! सूर्याची लहर फिरली, बस्स. वाद इतका चिघळला की भट्टीला दोष देणाऱ्या न्हाव्याने सूर्यवाल्या पाटलाची अर्धीच दाढी केली आणि "उरलेली सूर्याकडून करून घ्या" म्हणून धोकटी उचलून चालता झाला.

राजे रणधवल महाहट्टी. आपल्या भट्ट्यांना नावं ठेवलेली त्यांना खपेनात. दिवाण विसाजीपंत तर महाराजांच्या तोंडाकडे पाहूनच बोलायचे. ते म्हणाले, "सरकार, धूर चार बांबू वर जातो आणि विरून जातो. आभाळापर्यंत पोचतोय कुठला!"

"शाब्बास पंत!" महाराजांनी हुक्क्याचा एक लांब झुरका घेतला. "पिटा दवंडी! आभाळ माणसाच्या हातात नाही! उलट बोलेल तो जन्मभर भट्टीवर लाकडं वाहील!"

दवंडीचा ढोल थांबतो न थांबतो तोच आभाळ भरून आलं आणि तडातडा गारा कोसळू लागल्या. महाराज हुक्का घेऊन सज्जात उभे होते. लिंबाएवढी एक गार नेमकी त्यांच्या डोक्यात बसली. हे भलंमोठं टेंगूळ!

"बोलवा त्या लखमाला!"

लखमा म्हणजे गावचा गारपगारी. आभाळ दाटलं की बांधावर उभं राहून मंत्र म्हणायचे आणि गारा शिवारावरून परतवायच्या, हे त्याचं पिढीजात काम. त्याबद्दल राज्याने त्याच्या आजाला जमिनीचा एक तुकडा इनाम दिला होता. लखमा आणि त्याची लेक देवका त्या तुकड्यावरच जगत होती.

"गारा अडवायचं इनाम खातोस, आणि गार माझ्याच डोक्यावर?" महाराज गरजले. "आता या पडलेल्या गारा आभाळात परत पाठव! सूर्य मावळायच्या आत! नाही जमलं तर शेत जप्त, आणि गाव सोडायचं!"

म्हाताऱ्याने हात जोडले. अंगणात गारांचा ढीग पडला होता, आणि त्या वर पाठवायच्या कशा, हे देवालाच ठाऊक. सगळ्यांना त्याची दया येत होती. पण बोलणार कोण? दवंडी अजून ताजी होती.

"पाठवते ना, सरकार!" गर्दीतून आवाज आला. देवका पुढे झाली.

"बाई, गप राह्य वं!" लखमा कळवळला.

"थांब, बा. सरकार, मले एक घंगाळ द्या. अन् तुमची एक भट्टी द्या, जवळचीच."

"भट्टी कशाला?"

"वर जायचा रस्ता तिथूनच हाय!"

महाराजांना गंमत वाटली. हुक्का ओढत ते निघाले, आणि सगळा दरबार भट्टीवर लोटला. देवकाने गारा घंगाळात भरल्या आणि घंगाळ भट्टीच्या तोंडावर ठेवलं. गारांचं पाणी झालं, पाणी खदखदलं, वाफेचे लोट उठले. सूर्य टेकायच्या आत घंगाळ ठणठणीत कोरडं!

"गेल्या, सरकार! एखादी उरली असंल तं दाखवा."

"हॅ!" विसाजीपंत पुढे सरसावले. "वाफ चार बांबू वर जाते आणि विरून जाते! आभाळात पोचली कशावरून?"

"पंत, तुमचं ओलं धोतर दोरीवर वाळते. थे पाणी कुठी जाते?"

"वर जातं. कुठे जाणार?"

"अन् पावसाळ्यात तुमच्या डोक्यावर काय पडते?"

दरबार खदखदून हसला. महाराजांनाही राहवेना. "गप्प बसा, पंत! वाफ आभाळात पोचते, हे शेंबडं पोरही सांगेल. पोरी, गारा परत गेल्या, मान्य!"

"समद्यांसमोर मान्य, सरकार?"

"राजाचा शब्द आहे!"

"मंग एका घंगाळाची वाफ आभाळात पोचते, तं तीनशे भट्ट्यांचा तीन वर्षांचा धूर कुठी जाऊन बसला? पंतांच्या माडीवर?"

महाराजांच्या भुवया वर चढल्या. "पोरी, दवंडी ऐकली नाहीस?"

"ऐकली ना! आभाळ माणसाच्या हाती नाही. मंग गार पडली, यात माह्या बाचा काय गुन्हा? आभाळ हाती नसंल, तं बा सुटला. हाती असंल, तं आधी तीनशे भट्ट्यांचा निवाडा करा, मंग एका म्हाताऱ्याचा! दोन्हींतलं कोणतं खरं, थे तुमीच सांगा."

महाराजांचा हात आपसूक टेंगळावर गेला, आणि एकाएकी ते असे हसत सुटले की टेंगूळ ठणकलं, तरी हसू थांबेना.

"अरे, विझवा त्या भट्ट्या! दहा पुरेत. तट थोडा बुटका झाला तरी चालेल! लखमा, शेत तुझंच. आणि पोरी, गारा अडवायला गारपगारी असतो ना? मग आजपासून तू राज्याची धूरपगारी! बापाएवढंच इनाम तुला. नको तिथे धूर दिसला की विझवायचा. कोणाची भीड धरायची नाही, माझीसुद्धा!"

देवकाने वाकून मुजरा केला, आणि हात पुढे करून तशीच उभी राहिली.

"आता आणखी काय हवं?"

"कामाले लागली, सरकार. पयले तो हुक्का द्या!"

महाराजांनी पोट धरून हसत हसत हुक्का तिच्या हातात दिला. विसाजीपंतांनी आपली चिलीम हळूच उपरण्याखाली लपवली.