आणखी एक फेरी

मुलांनो, डोंगररांगांपलीकडे एका तळ्यावर करकोच्यांचा थवा राहत असे. थव्याचा म्होरक्या म्हातारा होता. परक्या पाण्यावर उतरण्याआधी तो वरून एक फेरी मारी, खालच्या पाखरांना साद घाली, आणि ओ आली तरच उतरे. त्याच्या मागे उडणाऱ्या तरण्या करकोच्याला हे मुळीच पटत नसे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्याची तऱ्हा!

एका वर्षी तळे आटले. थवा नव्या पाण्याच्या शोधात निघाला. घसे कोरडे पडले, आणि भर दुपारी खाली अचानक पाणी चमकले. काठावर त्यांच्याच जातीचे करकोचे एका पायावर उभे होते. म्होरक्याने साद घातली. ओ आली नाही. बेडूक नाही, टिटवी नाही. एवढ्या मोठ्या तळ्यावर कसलाच आवाज नव्हता.

"झोपले असतील हो ते!" तरणा चिडला. "तुम्ही फेऱ्या मारत बसा, इकडे पिल्लू पंख टाकतंय!" ते खरेच होते. सगळ्यांत लहान पिल्लू सारखे खाली जात होते, आणि त्याची आई रडकुंडीला आली होती. म्होरक्याचा जीव तुटला. त्यालाही वाटले, उतरावे. तरी तो म्हणाला, "पिल्लाला माझ्या मागोमाग घ्या, वारा कमी लागेल. आणखी एक फेरी मारू."

या वेळी ते जरा खालून गेले. इतक्यात वारा सुटला. लव्हाळे वाकले, पाणी थरथरले. पण उभ्या करकोच्यांपैकी एकानेही दुसरा पाय टेकला नाही. सगळ्यांचे डोळे सताड उघडे होते. मग त्यांतला एक ताठच्या ताठ आडवा झाला, आणि त्याच्या पोटातून पेंढा बाहेर आला. लव्हाळ्यात कोणीतरी माणूस खोकला. काठावर जाळे पसरलेले आता सगळ्यांनाच दिसले.

थवा जिवाच्या आकांताने वर उठला. टेकडीपलीकडे एक गढूळ डबके लागले. बेडूक नुसते कोकलत होते. दमलेला म्होरक्या तसाच उतरू लागला. तेव्हा मागून तरण्याचा आवाज आला, "थांबा, आधी एक फेरी मारू या का?"

तात्पर्य : ज्याच्या शब्दावर चार जणांची कामे चालतात, त्याने घाईच्या वेळीच क्षणभर थांबून पाहावे; तो चुकला, तर एकटा बुडत नाही.