सायकलीची हौस

सायकली माणसांशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. नेमगोंडा रोज सायकलीवरून शेतावर जायचा आणि मागे कॅरियरवर त्याची बायको सुशीला बसायची. दोघांच्या गप्पा ऐकत सायकल वाट कापायची.

एकदा जत्रेत सायकलीनं एक चॉपर सायकल पाहिली. पुढचं चाक धरणारा लांबलचक चिमटा, खांद्याएवढं उंच हँडल, अगदी खाली सीट. भोवती ही गर्दी!

"मलाही तसं करा की," ती मालकाच्या मागे लागली. नेमगोंडालाही मोह झाला. वेल्डरनं तिला नवं रूप दिलं, पण कॅरियर काढावं लागलं.

"मग मी कुठं बसू?" सुशीलानं विचारलं.

"चालत ये की गं."

गावातून जाताना माना वळायच्या आणि सायकल सुखावायची. पण गाव मागं पडलं की सगळं मुकं व्हायचं. शेवटी तिला राहवेना. "मालक, मला पहिल्यासारखं करा. वहिनींना बसू दे."

नेमगोंडानं तसं केलं. "चल, बस," तो सुशीलाला म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," ती शांतपणे म्हणाली. "मी आता शेतावर चालत जाणाऱ्या बायकांबरोबर बोलत जाते."

नेमगोंडा एकटाच निघाला. मागून बायकांचं हसणं आलं, त्यात सुशीलाचंही होतं. सायकल वळणापर्यंत ते ऐकत राहिली.