बिनछपराची टिटवाई

सावली शोधताय? नाही मिळायची, पाव्हणं. टोप्या घाला अन् बसा असेच. ह्या टिटवाईच्या माळावर झाड नाही, झुडूप नाही, देवीवर छप्परसुद्धा नाही. मागं एकजण हौसेनं पत्रे घेऊन आला होता. गावानं त्याला चहा पाजला अन् पत्र्यांसकट परत पाठवला.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. साळू नावाची धनगरीण इथं मेंढरं राखायची. तिचं पहिलं लेकरू जन्मताच गेलेलं, अन् आता पुन्हा दिवस राहिलेले. एकदा माळावर तिला टिटवीची अंडी दिसली. घरटं कसलं, नुसते चार खडे! वर ना काडी, ना गवत. साळूचा जीव कळवळला. "बाई, तुझी जगली तर माझंही जगंल," असं ती बोलून बसली, अन् कोकरांना घालतात तसं बाभळीच्या काट्यांचं कुंपण तिनं अंड्यांभोवती घातलं. माया हो, दुसरं काय!

पण झालं भलतंच. उघड्यावर बसलेल्या टिटवीला वैरी लांबून दिसतो. काट्यांआड तिला काहीच दिसेना. भर दुपारी मुंगूस त्याच काट्यांच्या आडोशानं दबकत आलं अन् अंडी फस्त करून गेलं. टिटवी साळूच्या डोक्यावर घिरट्या घालत आक्रोश करत राहिली. "माय, मी तुला घर नाही दिलं गं, तुझे डोळे बांधले!" म्हणून साळू ऊर बडवून रडली. आता आपलंही लेकरू जाणार, ही धास्ती तिला बसली. तरी रडत रडत तिनं काटे काढले, आजूबाजूची झुडपंही मुळासकट उपटली.

काही दिवसांनी टिटवीनं तिथंच पुन्हा अंडी घातली. साळू लांब बसून राहायची. हात शिवशिवायचे बिचारीचे, पण अंड्यांना बोटही लावलं नाही. एका सांजेला कोल्हा आला. टिटवीनं त्याला दुरूनच हेरलं, पंख मोडल्याचं सोंग घेतलं अन् लंगडत निघाली. कोल्हा येड्यासारखा तिच्यामागं पार ओढ्यापर्यंत गेला. पिल्लं सुखरूप निघाली. साळूचं लेकरूही जगलं, म्हणे. तिनंच मग ह्या जागी टिटवीला आई मानून उघड्यावरच पुजली, तीच ही टिटवाई. त्याच्याच वंशातला मी, म्हणून तर एवढं बोलतोय.

दुसरीकडं टिटवी ओरडली की अपशकुन मानतात. आमच्याकडं म्हणतात, आई जागी आहे. आजही गावची पोटुशी लेक इथं येते, एक काटेरी रोप उपटते अन् देवीची ओटी भरून एवढंच मागते, "बाई, माझी माया माझ्याच लेकराच्या आड येऊ देऊ नको."